अंड्याचं डेव्हिएशन

साहेबांनी आयुष्यात कुठल्याही पदार्थाला 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडे शब्द तीनच होते. 'चालेल', 'बघू' आणि 'नको'. चालेल म्हणजे पास, बघू म्हणजे बाजूला ठेवा, नको म्हणजे आल्या गाडीनं परत. आमच्या चाकणच्या कंपनीत अॅल्युमिनियमच्या कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या भागांना, हे तीन शब्द पुरत, आणि जे कास्टिंगला पुरतं ते बाकी जगाला का पुरू नये, असा त्यांचा साधा सवाल होता. भाचीला बघायला आलेल्या मुलालाही ते हातातली पोह्यांची बशी खाली न ठेवता 'बघू' म्हणाले होते. मुलाकडच्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि स्थळ मोडलं. "अहो, बघू म्हणजे रिजेक्ट नव्हे, होल्ड," असं ते पुढं कित्येक वर्षं नातेवाइकांना समजावत राहिले.

ते क्वालिटीचे मुख्य आणि मी पर्चेसला. कंपनीत काम केलेल्यांना एवढ्यावरूनच कळेल की आमचं जन्माचं वैर. इतरांसाठी सांगते: भोसरीच्या वर्कशॉपमधून माल मी मागवायचा आणि तो त्यांनी नाकारायचा. मग वर्कशॉपचा मालक मला फोन करून रडायचा, प्रॉडक्शनवाले माझ्या टेबलाशी येऊन ओरडायचे, आणि साहेब मात्र खिडकीपाशी उभे राहून एक कास्टिंग उजेडात धरून बघत असायचे. ते कास्टिंग टोकदार पेन्सिलीनं टकटक वाजवायचे, कानाशी न्यायचे. "एक भोक वर दिसलं की आत दहा असतात, मॅडम." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या मुलीचा दात किडला तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं.

पहिला पीस हे त्यांचं दैवत. सकाळी मशीन सुरू झालं की निघणारा पहिला नग त्यांच्या टेबलावर यायचा. तो पास झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. हा नियम सगळ्याच कंपन्यांत असतो, पण आमच्याकडे तो आरतीसारखा पाळला जायचा. साहेब चष्मा पुसत, हात पुसत, मग तो नग पुसत. तोवर प्रॉडक्शनची तगडी माणसं हाताची घडी घालून उभी. हिरव्या मार्करची खूण झाली की सगळ्यांचा श्वास सुटायचा.

दुपारच्या डब्यालाही तोच नियम. वहिनींचा डबा उघडायचा, भाजीचा एक घास घ्यायचा, डोळे मिटून चावायचा. आम्ही चार-पाच जण टेबलाभोवती आपापले चमचे धरून नाइलाजानं थांबलेले. "चालेल," असं ते म्हणाले की मगच दुसरा घास. एकदा मी चिडून विचारलं, "सर, वहिनींना कधी छान झालंय म्हणून सांगितलंत का हो?"

"चालेल म्हणजे सगळं मापात आहे," ते म्हणाले. "मापात असण्याच्या पुढं काय असतं, मॅडम?"

मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून बेजार झाल्या. "अगं, लग्नानंतर पहिल्यांदा पुरणपोळी केली. एक घास खाल्ला नि म्हणाले, चालेल. मी आत जाऊन रडले. आता बत्तीस वर्षं झाली. एखाद्या दिवशी चालेल म्हणाले नाहीत तर मलाच वाटतं, आज काय बिनसलं."

वहिनी वैरागच्या, मी बार्शीची. म्हणजे एकाच पट्ट्यातल्या. कंपनीत खंडेनवमीला मशिनांची पूजा असते, घरची मंडळी येतात, मांडवात जेवण असतं. तिथं आमची ओळख झाली ती एका आमटीवरून. आचारी पुण्याकडचा, त्यानं आमटीत गूळ मोकळ्या हातानं घातलेला. पहिला भुरका घेतला आणि मी तोंड वाकडं केलं. समोर बघते तर एका बाईनं अगदी तसंच तोंड वाकडं केलेलं. पर्समधून त्यांनी एक छोटी स्टीलची डबी काढली, त्यात काळं तिखट. स्वतःच्या आमटीत टाकलं आणि काही न विचारता माझ्याही आमटीत टाकलं. साहेब दोन हात अंतरावर उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांच्या डोक्यात कुठंतरी नोंद झाली असणार, कारण सहा वर्षांनी ती त्यांनी बाहेर काढली.

त्या सहा वर्षांच्या मधे त्यांचं चीन झालं. कंपनीनं एका मोठ्या डायच्या, म्हणजे साच्याच्या, कामासाठी त्यांना फोशानला पाठवलं. दक्षिणेकडचं ते शहर, कॅन्टोनीज बोलणारं. तीन महिन्यांसाठी गेलेला माणूस सात महिन्यांनी परत आला, कारण डायमधून निघणारा पहिला पीस त्यांना पसंत पडेना. राहायला एका दुकानावरची खोली होती. घरमालकीणबाई साठीच्या, खाली राहायच्या. भाषा एकमेकांची शून्य. तिथं साहेबांना ताप आला. पाच दिवस पोटात काही ठरेना. सहाव्या दिवशी बाई जिना चढून वर आल्या, त्यांच्यासमोर एक वाडगा ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. वाडग्यात वाफवलेलं अंडं होतं. आपल्याकडं उकडतात किंवा पोळी करतात, तसं नाही. अंडी फेटून, गाळून, त्यात कोमट पाणी घालून, वर ताटली झाकून मंद वाफेवर धरलेलं. खरवसासारखं हलणारं.

"मॅडम, वरचा पृष्ठभाग," साहेब सांगायचे आणि हात हवेत आडवा फिरवायचे. "एक भोक नाही. एक बुडबुडा नाही. इतकं साफ कास्टिंग मी बघितलेलं नाही."

बाईंनी बोटानं टेबलावर टकटक केलं. खा. साहेबांनी चमचा उचलला आणि सगळा वाडगा संपवला. "पहिला घास तपासायचं राहूनच गेलं," असं ते मला म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात चूक कबूल केल्याची लाज होती. पुढचे चार दिवस बाई रोज वाडगा घेऊन जिना चढत होत्या. ही गोष्ट त्यांनी बसमध्ये मला निदान दहा वेळा सांगितली असेल. कासारवाडीहून चाकणला कंपनीची बस जायची आणि आम्ही दोघंही तिथूनच चढायचो, त्यामुळं माझी सुटका नव्हती.

मग वहिनींना कॅन्सर झाला.

सहा केमो ठरल्या होत्या. तिसऱ्या डोसनंतर त्यांनी अन्न सोडलं. तोंडात फोड, जिभेला कशाची चव नाही, आणि घरात नुसती फोडणी टाकली तरी उमळून यायचं. कुकरची शिट्टी झाली तरी त्या उठून बाल्कनीत जायच्या. त्यामुळं घरी काही शिजवायचीच सोय उरली नाही. डॉक्टरांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं: वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही. एकोणचाळीस किलोच्या खाली जाऊ देऊ नका.

खालची मर्यादा एकोणचाळीस. साहेबांना ही भाषा कळत होती. त्यांनी आधी घरातला वजनकाटा तपासला. दहा किलोच्या तांदळाच्या चार पिशव्या आणून काट्यावर रचल्या, आणि काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो असं निघालं. म्हणजे वहिनी वाटत होत्या त्याहून तीनशे ग्रॅम हलक्या होत्या. हे मला सांगताना बस मोशीच्या सिग्नलला थांबली होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरातून आलेलं एक पत्रक माझ्या हातात दिलं. चिंचवडच्या एका मॉलमध्ये कुठल्याशा चेनचं हॉटेल उघडलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'घरगुती कॅन्टोनीज', आणि खाली कोपऱ्यात, बोटाएवढ्या फोटोत, वाफवलेलं अंडं.

"गुरुवारी मोकळ्या आहात?" त्यांनी विचारलं. आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. "तुम्हाला खायला यायचंय."

"मी कशाला? तुम्हाला चव माहितेय की."

"मला तिथली माहितेय. हिला काय चालेल ते मला कुठं माहितेय? तुमची जीभ हिच्या जिभेच्या सगळ्यात जवळची आहे. खंडेनवमीच्या आमटीला बघितलंय मी. तुम्ही मास्टर पीस."

मास्टर पीस म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीचे नग तपासतात तो जपून ठेवलेला नग. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काय काय म्हटलंय. एवढा मान कुणी दिला नव्हता. मी हो म्हणाले.

गुरुवारी दुपारी हॉटेल जवळजवळ रिकामं होतं. दोन टेबलांवर पोरं मंच्युरियन आणि फ्राइड राइस खात होती. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि छोटी बॅटरी, नेहमीप्रमाणे. त्यांनी मेनूकार्डाचं 'घरगुती' हे पान वरून खालपर्यंत मागवलं, एकेक करून. आधी कॉन्जी आली, आलं घालून आटवलेली तांदळाची पेज. मी चाखून म्हटलं, "सर, हा तर आपला मऊ भात. वहिनींना चालेल."

"मऊ भात पंधरा दिवस बाहेरून आणून दिलाय. आता भात बघून तोंड फिरवते. नको."

मग लसणीतली उकडलेली पालेभाजी आली. करकरीत, हिरवीगार, मला फार आवडली, पण फोड आलेल्या तोंडाला ती चावणार कशी? बघू. टोमॅटो-अंडं आलं. आंबट. नको. आलं आणि कांद्याची पात घातलेला वाफवलेला मासा आला. मी मासे खात नाही, साहेबांनी घास घेतला, डोळे मिटले आणि थोडा वेळ उघडलेच नाहीत. "चालेल," ते म्हणाले. "पण वास आहे. घरात नेता येणार नाही." शेवटी अंडं आलं.

साहेबांनी बॅटरी लावली. तिरक्या उजेडात वाडग्यातला पिवळा पृष्ठभाग स्पष्ट दिसला. चाळणीसारखी भोकं, आणि वर लाल तिखट तेलाचा तवंग.

"पोरोसिटी," ते म्हणाले.

वेटर घाबरून म्हणाला, "सर, यात तसलं काही घालत नाही आम्ही."

साहेबांनी टिश्यू पेपरवर सुंदर अक्षरात 'नको' लिहिलं आणि वाडग्याखाली सरकवलं.

वेटर आत गेला आणि कुकलाच घेऊन आला. कालिम्पाँगकडचा पोरगेला माणूस, कपाळावर घाम. भांडायच्या तयारीनं आला होता, पण साहेबांनी त्याला भोकं दाखवली, पट्टी लावून त्यातल्या सगळ्यात मोठ्या भोकाचं मापही सांगितलं, तेव्हा तो वाडग्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, आँच तेज़ है इसलिए. धीमी भाप चाहिए, ऊपर से ढक्कन. मुझे आता है. लेकिन कार्ड में हाई फ्लेम, आठ मिनट लिखा है." स्वयंपाकघराच्या भिंतीवर चेनच्या मुख्य ऑफिसातून आलेली कार्डं होती, फोटोसकट. प्रत्येक पदार्थ त्याच आचेवर, तेवढीच मिनिटं, तेवढंच तेल. कुकनं हात जोडले. "कार्ड के बाहर नहीं जा सकता, सर."

मला वाटलं आता साहेब त्याला चार गोष्टी सुनावतील. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सही बात है. कार्ड मत तोड़ना."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, त्याला येतंय! तुम्ही जरा गोड बोलला असतात तर करून दिलं असतं त्यानं."

"स्टँडर्ड मोडायला मी कुणाला सांगणार नाही, मॅडम. आयुष्यभर ज्यांनी मोडलं त्यांना मी शिव्या दिल्या."

मधे मी माझ्या घरी दोनदा करून बघितलं, तर दोन्ही वेळा भोकंच. पुढचा गुरुवार आला, आम्ही परत गेलो, परत भोकं. अंडं कार्डाप्रमाणे, टिश्यूवर 'नको'. मधल्या आठवड्यात वहिनी सहाशे ग्रॅमनं उतरल्या होत्या आणि एकोणचाळीसचा आकडा आता अगदी पायाशी आला होता. पार्किंगमध्ये माझा तोल सुटला. "सर, वहिनी उपाशी आहेत, आणि तुम्ही त्या कार्डाचा मान राखत बसलाय? कसला हा हट्ट? बाई मोठी का कार्ड मोठं?" मी बरंच बोलले. वयानं, हुद्द्यानं मोठ्या माणसाला बोलू नये तेवढं बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि रिक्षा बघायला निघून गेले. घरी जाऊन मी स्वतःवरच चरफडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये त्यांनी एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. हातानं आखलेले रकाने, पट्टी लावून. वर शीर्षक: डेव्हिएशन नोट.

हे काय असतं ते सांगायला हवं. कंपनीत माल ठरल्या मापापेक्षा किंचित वेगळा निघाला, पण काम अडलंय आणि धोका नाही, तेव्हा असा कागद करतात. फरक काय, कारण काय, किती नगांपुरता, कधीपर्यंत, जबाबदार कोण. सह्या झाल्या की तेवढ्यापुरतं स्टँडर्ड बाजूला ठेवता येतं, आणि ते मोडलं असं होत नाही. मी वर्षानुवर्षं साहेबांकडे डेव्हिएशनसाठी हात पसरलेत. एकदा दोनशे नगांचं दिलं होतं, तर दोनशे एकावा नग येतो का बघायला ते स्वतः गेटवर येऊन उभे राहिले होते.

कागदावर लिहिलं होतं: वस्तू, वाफवलेलं अंडं. फरक: मंद वाफ, चौदा मिनिटं, मिश्रण गाळून, वर ताटली, तिखट तेल, मिरी वर्ज्य, मीठ निम्मं. कारण: रुग्ण. पूर्ण शिजलेलं आणि ताजं असावं, डॉक्टरांची संमती आहे. गुरुवारची वाट न बघता संध्याकाळी आम्ही कंपनीच्या बसमधून उतरलो, माझी स्कूटर काढली आणि थेट चिंचवड गाठलं.

हॉटेलचा मॅनेजर भोसरी गावठाणातला. त्यानं कागद हातात घेतला, आधी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

"साहेब, हे कुटं शिकलात?" त्यानं विचारलं.

"चाकणला."

"मंग आमी बी तिथलंच. दोन वर्सं प्रेसशॉपला सुपरवायझर व्हतो. डेव्हिएशन काय आसतं ते मला नका सांगू, लई जणांच्या पाया पडलोय त्याच्यापायी." त्यानं खिशातलं पेन काढलं. "वरच्या ऑफिसचं मी बघतो. कागद आसला की मला बोलाया तोंड ऱ्हातं. पन साहेब, ह्यो रकाना मोकळा हाय."

मी वाकून बघितलं. वैधतेचा रकाना कोरा होता. किती नग, कधीपर्यंत. साहेबांच्या हातचं एकही डेव्हिएशन मी त्या रकान्याशिवाय बघितलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं, टोक कागदाला टेकवलं, आणि हात तिथंच थांबला. अजून तीन डोस राहिले होते. होतील की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांची हनुवटी हलायला लागली होती. मला ते बघवेना. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि लिहिलं: गरज संपेपर्यंत.

लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गरज दोन तऱ्हांनी संपू शकते. पण तोवर सही झाली होती.

कुकनं त्या कागदाला नमस्कार केला आणि कामाला लागला. साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी उभे, आत पाऊल टाकायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेर. चौदाव्या मिनिटाला ताटली उचलली. बॅटरीच्या उजेडात पृष्ठभाग चकाकला. एक भोक नाही. साहेबांनी चमचाभर मला दिलं. मी डोळे मिटले. मलाही आता सवय झाली होती. मऊ, कोमट, किंचित खारट, आणि वास जवळजवळ नाही. "सर," मी म्हटलं, "जाऊ द्या घरी."

आता ते कासारवाडीपर्यंत न्यायचं कसं? रिक्षात हादरे बसतात म्हणून साहेबांना रिक्षा नामंजूर. शेवटी माझ्या स्कूटरवर ते मागं बसले, दोन्ही हातांत स्टीलचा डबा छातीशी सपाट धरून. मला धरायला त्यांच्याकडे हातच नव्हता. "मॅडम, वीसच्या वर नको. मॅडम, पुढं खड्डा. मॅडम, स्पीडब्रेकर तिरका घ्या." पिंपरीच्या चौकात मागून हॉर्नांचा कल्लोळ. एका बसवाल्यानं मान बाहेर काढून आमच्या दोघांच्या कुळाचा उद्धार केला. साहेब त्याला शांतपणे म्हणाले, "नाजूक माल आहे, राव." नाशिक फाट्यापर्यंत माझे खांदे भरून आले होते. मी आयुष्यात इतकी हळू आणि इतकी जपून गाडी चालवलेली नाही, पोटात बाळ असतानासुद्धा.

वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला स्कार्फ, हातांची नुसती हाडं. साहेबांनी डबा उघडून समोर धरला. वहिनींनी आधी वास घेतला, उमळलं नाही. चमचाभर घेतलं आणि डोळे मिटले. साहेब पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभे. मशीन थांबवून हिरव्या खुणेची वाट बघणारी ती तगडी माणसं मला आठवली.

वहिनींनी गिळलं. डोळे उघडले. नवऱ्याकडे बघितलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

आणि दुसरा चमचा घेतला. साहेब एकदम वळून बाल्कनीत गेले. मी त्यांच्यामागं गेले नाही. वहिनींनी अर्धा डबा खाल्ला आणि चमचा ठेवत मला हळूच म्हणाल्या, "बत्तीस वर्षं वाट बघितली गं हे म्हणायला."

पुढं रोज संध्याकाळी तो डबा आला. कधी साहेब गेले, कधी मी, कधी मॅनेजर स्वतः गाडीवर आणून देऊ लागला. चौथा डोस झाला. पाचवा एक आठवडा लांबला, पण झाला. मधे माझी बदली रांजणगावच्या प्लँटला झाली आणि रोजची बस सुटली. सहाव्या डोसनंतर वहिनींना इन्फेक्शन होऊन दवाखान्यात ठेवलं होतं, एवढं कळलं. मी फोन करायची. साहेब 'बघू' म्हणायचे. मग मला फोन करायचीच भीती वाटू लागली. ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

एका गुरुवारी सकाळी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, ते डेव्हिएशन क्लोज करायचंय. अकरा वाजता हॉटेलवर या. वैधता तुम्ही लिहिली होती, तुमची सही लागेल."

काय झालं, हा साधा प्रश्न माझ्या तोंडून फुटेना. मी नुसतं "येते" म्हटलं. चिंचवडपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं माझंच अक्षर होतं. गरज संपेपर्यंत. कुणी सांगितलं होतं मला ते पेन हातात घ्यायला?

हॉटेल रिकामं होतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी साहेब एकटेच बसले होते. इस्त्रीचा शर्ट. समोर तो कागद, कडेनं तेलकट झालेला. मी समोर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून नेहमीप्रमाणे काही कळत नव्हतं. "सर," एवढं मी म्हणाले आणि मला रडू कोसळलं.

"काय झालं मॅडम?" ते दचकून म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बार्शी-वैरागच्या मोठ्या आवाजात कुणीतरी ओरडलं, "अरे बाबा, थोडं म्हंजे चिमूटभर नव्हं, चमचाभर!" आणि दार ढकलून वहिनी बाहेर आल्या. डोक्यावर स्कार्फ, त्याच्याखालून डोकावणारे बोटभर केस, गालांवर मांस. मागून कुक वाडगा घेऊन. वहिनींच्या हातात ती जुनी स्टीलची डबी. त्या साहेबांशेजारी बसल्या, त्या गुळगुळीत, एकही भोक नसलेल्या अंड्यावर त्यांनी चमचाभर काळं तिखट पसरलं आणि खाल्लं.

"आता कुठं चव आली," त्या म्हणाल्या. "ही का रडतीय?"

साहेबांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. बंद केल्याची तारीख त्यांनी आधीच घातली होती. मी नाक पुसत सही केली. मॅनेजरनं केली. खाली शेऱ्याचा रकाना उरला.

"काय लिहू?" साहेबांनी वहिनींना विचारलं.

"चालेल लिहा. तुम्हाला दुसरं काय येतंय."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. चष्मा पुसला, हात पुसले. मग मापाचे आकडे लिहायचे तसं जपून एकच शब्द लिहिला आणि कागद वहिनींकडे फिरवला. वहिनींनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर धरला. मलाही दिसलं. छान.

म्हणाले नाहीतच ते. लिहिलं.

वहिनींनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि स्कार्फचं टोक डोळ्यांना लावलं. "तिखट गेलं डोळ्यात," त्या म्हणाल्या. डबीचं झाकण तर त्यांनी केव्हाच लावलं होतं.